२९ तारखेचा भूकंप

ताई, सप्रेम नमस्कार.

बाबा जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण आमच्या भागात सगळे त्यांना ओळखायचे ते ‘वायरलेसवाले’ म्हणून. १९८४ पासून त्यांच्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी सेटवरून जगभर बोलण्याचा परवाना होता. गच्चीवरच्या खोलीत सेट, वायरी, परदेशांतून आलेली कार्डं आणि चौदा लॉगबुकं, म्हणजे कुणाशी कधी बोलले त्याच्या नोंदवह्या आहेत. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढायची ठरली आहे. त्यांचे हॅम मित्र रेडिओवर लिहिणार, आणि ‘कुटुंबवत्सल बाबा’ हा लेख माझ्याकडे आलाय. चार वेळा लिहायला बसलो. जन्म, शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव, यापुढे गाडी जात नाही.

त्यात एक वाद उभा राहिलाय. किल्लारीच्या भूकंपात बाबा सेट घेऊन मदतीला गेले होते, असं ते सांगायचे, आईही सांगते. मी लॉगबुक काढलं तर भूकंपाची नोंद २९-९-९३ ला! वेळ २३१५, बंगळूरचं कुठलंसं स्टेशन, आणि शेऱ्यात ‘भूकंप. घरी सर्व ठीक. पुढचं कळेना.’ त्यानंतर ११ ऑक्टोबरपर्यंत एकही नोंद नाही. दादा म्हणतो, भूकंप ३० ला पहाटे झाला, मग २९ ला रात्री सव्वाअकराला कुठून आला? हे मागाहून लिहिलंय, तेही तारीख चुकवून. बाबांना वाढवून सांगायची सवय होतीच, किल्लारी गाळून टाक. आई तेव्हापासून दादाशी धड बोलत नाही.

काही पानांच्या झेरॉक्स जोडतोय. १९८७ च्या एका पानावर (मी तेव्हा सात वर्षांचा) ‘क्यूआरटी. धा. १०३’ असं काहीतरी आहे, तेही कळत नाही. खोली रिकामी करायची आहे. भंगारवाला सगळ्याचे मिळून साडेचार हजार देतो म्हणतो. आणखी एक. स्वयंपाकघरात बेलचं एक बटण आहे. बाबांनी वर खोलीत बझर बसवला होता. चहा झाला की आई एक लांब, एक छोटा, एक लांब असं दाबायची. आता घराला रंग द्यायचाय, पण आई ते बटण काढू देत नाही. काय लिहू आणि काय ठेवू?

– एक मुलगा, सोलापूर (सध्या पुणे)

---

प्रिय भाऊ,

तुमच्या बाबांनी तारीख चुकवलेली नाही. बाकी सगळं नंतर सांगते, हे आधी, कारण यावरून तुमच्या घरात अबोला आहे.

तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्समध्ये वेळेच्या रकान्याच्या डोक्यावर तीन पुसट अक्षरं आहेत. भिंग लावून पाहिलं. यूटीसी. म्हणजे सगळ्या जगाने मिळून धरलेली एकच वेळ. ग्रीनिचची म्हणा हवं तर. सोलापूरचा माणूस जपानशी बोलतो, जपानचा ब्राझीलशी, प्रत्येकाने आपापल्या भिंतीवरचं घड्याळ पाहून वेळ लिहिली तर कुणाचीच नोंद कुणाशी जुळणार नाही. म्हणून हॅम मंडळी लॉगबुकात यूटीसी लिहितात. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असतं. २३१५ मध्ये साडेपाच तास मिळवा. मध्यरात्र ओलांडून पहाटेचे पावणेपाच होतात, आणि तारीख होते ३० सप्टेंबर. किल्लारीचा भूकंप त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. यूटीसीत ते २९ तारखेचे २२२६. म्हणजे जमीन हलल्यावर पाऊण तासाच्या आसपास तुमचे बाबा वरच्या खोलीत सेटसमोर होते, आणि बंगळूरच्या माणसाला घरी सर्व ठीक असल्याचं सांगत होते.

आता दादांचा दुसरा मुद्दा घ्या, मागाहून लिहिल्याचा. जो माणूस महिन्याभराने आठवून, पदरचं घालून लिहितो, तो कुठली तारीख लिहील? वर्तमानपत्रात छापलेली. ३० सप्टेंबर. सगळ्या महाराष्ट्राला ती पाठ होती. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली आणि लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं पहाटे ढिगाऱ्याखाली गेली, हे त्या पिढीतल्या कुणाला तारखेसकट विचारा. तुमच्या बाबांनी २९ लिहिलं, कारण त्या क्षणी हात सवयीने चालला. जी तारीख दादांना खोटी वाटली, तीच मला सगळ्यात खरी वाटते. शेराही तसाच आहे. ‘पुढचं कळेना.’ ज्याला किल्लारीचं नाव कळलेलं आहे तो असं लिहीत नाही.

मात्र हे पान जेवढं सांगतं तेवढंच घ्या. ते पहाटे जागे होते, सेटवर होते, हे पान सांगतं. किल्लारीला गेले, हे पान सांगत नाही. अकरा दिवसांची कोरी जागा त्या बाजूने बोलते, तुमची आई बोलते, आणि तिसरा साक्षीदार म्हणजे स्मरणिकेत लिहिणारे हॅम मित्र. त्या भूकंपानंतर हॅम मंडळी आपले सेट घेऊन तिकडे गेली होती, ही तर ठाऊक असलेली गोष्ट आहे. कोण कुणाच्या गाडीतून गेलं, बॅटरी कुणाची होती, तार कशाला बांधली, हे त्या मित्रांना विचारा. तारीख विचारू नका, वस्तू विचारा. माणसाला तीस वर्षांपूर्वीची तारीख आठवत नाही, पण बॅटरीच्या ॲसिडने भोक पडलेली पँट आठवते. आणि आईला विचारा, निघताना डब्यात काय दिलं होतं.

मला हे इतकं लागून का गेलं, तेही सांगते. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, हॅम होते. ते गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात आम्ही त्यांची खोली आवरली. सेट त्यांच्या एका मित्राने नेला, कार्डं पोरांनी वाटून घेतली, आणि लॉगबुकं मी माझ्या हाताने रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवली. नुसते आकडे आणि अक्षरं, त्यात काय वाचायचं, असं वाटलं. दोन वर्षांनी त्यांचे एक मित्र आले. म्हणाले, ‘वहिनी बाळंतपणाला गेल्या होत्या तेव्हाची वही दाखवा ना, त्यात अण्णा रोज शेऱ्यात एक आकडा लिहायचे, मुलगी होईपर्यंतचे दिवस.’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. म्हणून सांगते, भंगारवाला काहीही म्हणो, चौदाच्या चौदा वह्या आजच कपाटात हलवा. पुण्याला नेऊ नका. आईच्या कपाटात ठेवा.

आता ते १९८७ चं पान. ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या तीन-तीन अक्षरी खुणा या लोकांच्या बोलण्यात सारख्या येतात. तारयंत्राच्या काळात कमी टकटकीत जास्त सांगायचं म्हणून त्या निघाल्या आणि पुढे तोंडी बसल्या. क्यूआरटी म्हणजे ‘प्रक्षेपण थांबवतोय, सेट बंद करतोय’. पुढचं ‘धा.’ म्हणजे काय असेल? तुम्ही दोघे भाऊ. तुम्ही धाकटे. आणि १०३ ही कुठली फ्रिक्वेन्सी नाही, कारण हॅम लोकांना दिलेल्या पट्ट्यांत ती बसत नाही आणि त्या पानावरच्या बाकीच्या सगळ्या नोंदी ७ मेगाहर्ट्झच्या आहेत. पावसाळ्याचे दिवस, सात वर्षांचा मुलगा, १०३. मला तो थर्मामीटरचा आकडा दिसतो. छातीठोकपणे नाही सांगत, आईला तारीख वाचून दाखवा. पण त्या ओळीखाली नऊ दिवस काही लिहिलेलं नाही, आणि दहाव्या दिवशी पहाटे पुन्हा सुरुवात आहे, शेऱ्यात फक्त ‘ठीक’.

तुम्हाला ‘कुटुंबवत्सल बाबा’ सुचत नाहीत म्हणता. ते या ओळीत बसलेले आहेत.

त्यामुळे स्मरणिकेची ती वाटणीच मला पटत नाही. मित्रांनी रेडिओ लिहायचा आणि मुलाने घर लिहायचं, असं केलंत तर दोन अर्धे बाबा छापले जातील, आणि वाचणाऱ्याला त्यांतला एकही भेटणार नाही. ते एकाच पानावर राहत होते. एक साधं उदाहरण देते. तुमच्या झेरॉक्समधल्या बहुतेक नोंदी २२३० ते ००३० या वेळातल्या आहेत, म्हणजे आपल्याकडे पहाटे चार ते सहा. यामागे थोडं शास्त्र आहे. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूर जातात. दिवसा ऊन असलं की त्याखालचा एक थर जागा होतो आणि त्या लहरी शोषून घेतो, मग जवळपासच्याच गप्पा होतात. अंधार असेपर्यंत मात्र युरोप-बिरोप मिळतं. म्हणून चारचा गजर. पण शास्त्र एवढंच सांगतं की अंधार हवा. रात्री नऊ ते बाराही अंधारच असतो, आणि त्या वेळातल्या नोंदी मला या पानांवर जवळपास दिसत नाहीत. ती वेळ कुणाची होती? जेवणाची, तुमच्या अभ्यासाची, आईशी बोलायची? हे तुम्हालाच माहीत असणार, कारण तुम्ही त्या घरात होतात. आणि सहानंतर नोंदी थांबतात तेव्हा खाली काय चाललेलं असायचं, हेही लिहा. सोलापूर म्हणजे पाणी यायच्या दिवशी घरातला एक माणूस नळापाशी उभा. मधले काही दिवस पहाटेही कोरे आहेत. माझा आपला अंदाज, पाण्याचे दिवस असावेत. आईला विचारून पाहा, हसतील.

लिहिताना एक करा. ‘मनमिळाऊ’, ‘कुटुंबवत्सल’, ‘निगर्वी’ आणि ‘हसतमुख’ हे चार शब्द आधी खोडा. वाईट शब्द नाहीत ते, पण प्रत्येक श्रद्धांजलीत ते येतात, आणि तुमचे बाबा प्रत्येक जण नव्हते. त्याऐवजी १९८७ चं पान जसंच्या तसं, त्यांच्या अक्षरात छापा आणि त्याखाली तीन ओळीत त्याचा अर्थ द्या. किल्लारीचंही तसंच. २९ तारीख का, हे सांगा. नातेवाइकांपैकी निम्म्यांना दादांसारखीच शंका येईल, तिचं उत्तर तिथल्या तिथे मिळू दे. किती देशांशी बोलले, किती कार्डं आली, हे मित्र लिहितीलच, तुम्ही एकच कार्ड निवडा. जे ते सारखं दाखवायचे ते. कुठल्या देशाचं होतं त्यापेक्षा ते दाखवताना काय बोलायचे, ते लिहा. त्या कार्डाला क्यूएसएल म्हणतात. अमुक दिवशी अमुक वेळी आपण बोललो, तुमचा आवाज मला इतका स्पष्ट आला, अशी ती लेखी पोचपावती. पाठवणारा कधी भेटणार नाही, तरी पोस्टाचा खर्च करून पावती देतो. मला ही या छंदातली सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते.

१९८४ चा परवाना हेही तुम्ही एका वाक्यात उरकलंय. तो काळ आठवा. परदेशी सेट साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेर. बहुतेक जण लष्करी लिलावातले जुने सुटे भाग जमवून घरीच सेट बांधायचे. परीक्षा, मग परवान्याची वाट पाहणं, आणि मोठा परवाना हवा तर मोर्स, म्हणजे लांब-छोट्या टकटकीची लिपीही यायला हवी. तुमच्या बाबांचा पहिला सेट कुणी बांधला? मोर्सचा सराव ते कुठे करायचे? त्या ‘डा-डी-डा’च्या आवाजाने घरात कुणाला झोप लागत नव्हती? हे सांगणारं माणूस तुमच्या घरात आहे आणि तिचा लेख स्मरणिकेत नाही, याचं मला नवल वाटतं. आईंना लिहायचं नसेल तर तुम्ही विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. एका बैठकीत नको, रोज थोडं थोडं.

मित्रांच्या लेखांत ‘सायलेंट की’ हा शब्द येईल. गेलेल्या हॅमला ते असं म्हणतात. की म्हणजे मोर्सची टकटक करायची कळ. ती आता शांत झाली. तुमच्या आत्या-मावश्यांना हे एका ओळीत समजावून द्या, नाहीतर छपाईची चूक वाटेल.

सामानाचं झटपट सांगते. साडेचार हजारांत काही देऊ नका, आणि पैशाचा विचार नंतर. ट्रान्समीटर परवान्याखालची वस्तू आहे, परवाना नसलेल्याच्या हाती ती द्यायची नसते, भंगारवाल्याच्या तर नाहीच. बाबा गेल्याचं दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेला लेखी कळवा आणि सेट परवानाधारकालाच द्या. त्यांच्या मित्रांना ती वाट माहीत असते. एखादा शिकणारा पोरगा असेल तर उत्तम. बाराव्या वर्षापासून परवाना मिळू शकतो. आणि कृपा करून कुठलाही डबा स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर आत हजार-दोन हजार व्होल्ट खेळतात, आणि प्लग काढून ठेवला तरी आतले कपॅसिटर वीज धरून बसतात. दादांनाही सांगा. कार्डं चिकटवू नका, लॅमिनेट करू नका, मागची बाजूही तितकीच मोलाची असते. घरात जागाच नसेल तर ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला, फक्त रेडिओच्या कागदपत्रांचं एक संग्रहालय आहे, जगभरातल्या हॅम लोकांची कार्डं तिथे जपून ठेवतात. पण ती वेळ आली तर. आधी नातवंडांना दाखवा. गच्चीवरची ती लांब तार, ७ मेगाहर्ट्झची असेल तर साधारण २० मीटर, उतरवायची असल्यास बाबांच्या मित्रालाच बोलवा, आणि उतरवण्याआधी एक फोटो काढा. खाली आईंना उभं करा.

दादांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. हे पत्र त्यांना चारचौघांत वाचून दाखवू नका. त्यांनी वडिलांना खोटं ठरवलं ते दुष्टपणाने नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, तारीख पाहिली आणि हिशोब केला. फक्त साडेपाच तास त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या, रकान्याच्या डोक्यावर बोट ठेवा आणि बेरीज त्यांनाच करू दे. नंतर आईकडे जाऊन काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतील. तुम्ही मध्ये पडू नका.

राहता राहिलं बटण.

एक लांब, एक छोटा, एक लांब. मोर्समध्ये ते ‘के’ हे अक्षर आहे. हॅम माणूस आपलं बोलणं संपलं की शेवटी ‘के’ पाठवतो. ‘माझं झालं, आता तुम्ही बोला, मी ऐकतोय.’ बाबांनी तो बझर बसवला तेव्हा चहासाठी एक साधी ट्रिंग पुरली असती. हे अक्षर त्यांनी आईंना शिकवलं असणार, किंवा आईंनी ऐकून ऐकून उचललं असेल. कोणतं खरं, ते मला माहीत नाही.

रंगवाल्याला सांगा, त्या बटणाभोवती चिकटपट्टी लावून रंग मार. वरच्या बझरची तार तशीच राहू दे, खोलीत पुढे कुणीही राहो. आणि या वेळी सोलापूरला गेलात की पहाटे आईंच्या आधी उठा, चहा टाका, आणि आईंना वरच्या खोलीत बसवून खालून तुम्ही ते बटण दाबा. एक लांब, एक छोटा, एक लांब. मग वर जा आणि विचारा, बाबा उलटं काय वाजवायचे.

तुमची,
ताई